पाच नंबर कोण बोललं

ही घटना माझ्यासोबत घडलेली आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मावसभावाच्या मित्राची नाही. माझी आहे.

नावंही खरीच लिहितेय. हुस्नाला विचारून तिचं नाव घातलंय. सुशांतला विचारलेलं नाही. त्यानेही मला बऱ्याच गोष्टी विचारल्या नव्हत्या, त्यामुळे फिटंफाट.

मी शलाका. मूळची नाशिकची, सतरा वर्षं कुवेतमध्ये. सालमियातल्या एका शाळेत गणित शिकवते. माझा आवाज खणखणीत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर बोलले की पाचव्या मजल्यावर कळतं, आज कुणाची खरडपट्टी चाललीय. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं आवाजावरून घडलं.

दिवस मागच्या जूनमधला, बकरी ईदच्या सुट्टीतला. वेळ दुपारी पावणेचारची.

हो, दुपारची. अमावस्या नव्हती, स्मशान नव्हतं. जागा होती बोस्नियातला एक डोंगर.

आता कुवेतमधली मास्तरीण तिथे काय करत होती, तेही सांगते. जूनमध्ये इथे अठ्ठेचाळीस डिग्री असतं आणि सुट्टी लागली की अर्धं गाव थंड हवेला पळतं. आम्ही आठ दिवसांची चालण्याची सहल घेतली होती. सोबत गाईड, रोज पाच-सहा तास डोंगरातून चालायचं, संध्याकाळी एखाद्या खेड्यात मुक्काम. जंगलात अस्वलं, वर गिधाडं, माथ्यावर मध्ययुगातली दगडी थडगी... फोटोत फार सुंदर दिसत होतं सगळं.

आम्ही सहा जण होतो, सगळे कुवेतमध्येच राहणारे. पुण्याचे प्रताप आणि सरोजिनी. रत्नागिरीचे कमालभाई आणि त्यांची बायको हुस्ना, हे दोघं सलव्याला राहतात. आणि मी आणि सुशांत.

सुशांत माझा नवरा. आहे की होता, ते तुम्हीच वाचून ठरवा.

माझ्यासाठी ही सहल मौजमजा नव्हती. आमची श्वेता कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. तेव्हा कळलं की आमच्यात बोलायला काही शिल्लकच नाही. उरलंय ते भांडण. नाशिकच्या एका शाळेने मला नोकरी देऊ केली होती. मी मार्चमध्ये सुशांतला स्पष्ट सांगितलं की या सहलीत आपलं काही सुधारलं तर मी राहीन, नाहीतर मी चालले. तो म्हणाला, चालताना बोलू आपण, वेळच वेळ असेल.

मी त्या आशेवर गेले होते. खरंच गेले होते.

सुशांत पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टीला आहे. तिथे सायरन वाजला की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि क्रमाने आपापला नंबर ओरडायचा. एक नंबर कमी आला तर माणूस आत अडकलाय असं समजायचं. अकरा वर्षांत याची मोजणी एकदाही चुकलेली नाही, हे मी लग्नात, बारशात, कुणाच्या मयतीलासुद्धा ऐकलेलं आहे.

त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला नंबर वाटून टाकले. प्रताप एक, सरोजिनी दोन, कमालभाई तीन, हुस्ना चार, मी पाच. स्वतः सहा, म्हणजे सगळ्यात शेवटी. शेवटच्या माणसाने कुणालाही मागे सोडायचं नाही, हा त्याचाच नियम.

आमचा गाईड मिर्साद. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने दोनच गोष्टी बजावल्या. पहिली, दगडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा सोडून एक पाऊलही बाहेर टाकायचं नाही, कारण लढाईच्या वेळचे सुरुंग अजून जमिनीत आहेत.

दुसरी ऐकून आम्ही हसलो.

तो म्हणाला, धुकं आलं तर नंबर ओरडू नका. मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजीन.

सुशांतने विचारलं, का बरं? मिर्साद म्हणाला, माझे आजोबा धुक्यात मेंढरंसुद्धा हाक मारून मोजत नसत. आणि कॉफी आणायला आत गेला.

सुशांत म्हणाला की आमच्या प्लांटमध्ये असला माणूस एक दिवस टिकला नसता. सगळ्यात मोठ्याने मी हसले होते. ते आजही आठवतं मला.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी आम्ही माथ्यावरच्या थडग्यांपाशी जेवायला बसलो. मोठमोठे दगड, कमरेइतके उंच. एकावर हात वर केलेला माणूस कोरलेला होता. लांब कुठेतरी मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

जेवताना सुशांतने हळूच विचारलं, नाशिकचं काय ठरवलंस?

आता माझं तोंड. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "प्लांटवर रोज सगळ्यांची मोजणी करतोस. घरी बायको आहे की गेली, ते कधी मोजलंस का रे?"

कुणी हसलं नाही. कमालभाई खाली बघायला लागले. सुशांत लाल झाला. उठला, बॅग पाठीला लावली आणि चालायला लागला.

चूक होती माझी. फटकळ बोलले, नंतर खूप वाईट वाटलं. संध्याकाळी माफी मागायची असंही मी ठरवलं होतं.

पण त्या रागात तो माझ्या पुढे निघून गेला. सगळ्यात शेवटी राहायचं ते सोडून. आता सगळ्यात मागे मी होते.

पंधरा-वीस मिनिटं चाललो असू आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ निघाला.

अख्खा. जीभ लोंबावी तसा.

बूट नवे होते. एप्रिलमध्ये सेलमधून घेतले होते आणि दोन महिने गाडीच्या डिकीत पडून होते. कुवेतची डिकी म्हणजे भट्टीच. आतला गोंद केव्हाच वितळून गेलेला. असला गाढवपणा इथे राहणारी माणसंच करू शकतात.

मी ओरडले, "सुशांत, थांब रे. बूट फाटलाय."

तो दहा-बारा पावलंच पुढे होता. थांबला नाही. मला वाटलं, अजून रागात आहे.

मी वाटेतच खाली बसले. नाडी काढून तळ बांधायला लागले. दोन मिनिटांचं काम होतं.

आणि धुकं आलं.

हळूहळू नाही. वर पाहिलं तेव्हा विरळ होतं, पुढची माणसं अंधुक दिसत होती. बुटाची गाठ मारून परत वर पाहिलं...

काहीच नाही. वाट नाही, खूण नाही, माणसं नाहीत.

मेंढरांच्या घंटासुद्धा बंद झाल्या होत्या.

मी घाबरले नाही तेव्हा. कारण लगेच समोरून प्रतापचा आवाज आला. मिर्सादने बजावलं होतं तरी धुकं बघून सुशांतने मोजणी सुरू केली होती.

"एक."

"दोन," सरोजिनी.

"तीन." कमालभाई.

"चार." हुस्ना.

मी तोंड उघडलं. आता पाच म्हणायचं आणि पुढे सांगायचं की थांबा, मी मागे राहिलेय...

"पाच."

मी बोलले नव्हते.

पण आवाज माझा होता.

वर्गात हजेरी घेताना लागतो तो, शेवटी थोडा वर जाणारा. मी माझ्या तोंडाला हात लावून बघितला. तोंड तसंच उघडं होतं.

मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही. चांगला दोन श्वासांएवढा वेळ.

आणि सुशांतचा आवाज आला.

"सहा."

मोजणी पूर्ण झाली. पावलं वाजायला लागली... पुढे जाणारी.

मी किंचाळले. मी इथे आहे, ती मी नाही, थांबा. घसा फाटेपर्यंत ओरडले. पण सांगते ना, माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत नीट येत नव्हता. उशीत तोंड खुपसून ओरडावं तसा आतल्या आत राहत होता. पाच मजले ऐकू जाणारा माझा आवाज.

उठून पळावं तर खुणा दिसत नव्हत्या. पाऊल वाटेवर पडेल की सुरुंगावर, कोण सांगणार? मी गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिले.

थोड्या वेळाने पुन्हा मोजणी झाली. आता लांबून.

चार झाले. मी कान टवकारले. मनात म्हणत होते, या वेळी नको, या वेळी गप्प बस...

"पाच."

आणि लगेच "सहा." या वेळी तो थांबलाच नाही.

तिसऱ्यांदा आवाज इतका बारीक आला की आकडे नीट कळलेही नाहीत. पण पाचनंतर हसणं ऐकू आलं. मोकळं, गोड हसणं. आवाज माझाच होता, पण तसं मी कितीतरी वर्षांत हसलेले नव्हते.

त्यानंतर फक्त शांतता. मी रडत होते की नाही, तेही मला आठवत नाही.

दोन-अडीच तासांनी समोर हलताना काहीतरी दिसलं. मिर्साद होता. त्याने हाक मारली नाही, नाव घेतलं नाही. जवळ येऊन आधी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग दुसऱ्या खांद्यावर. मग माझा हात हातात घेऊन बराच वेळ चोळत राहिला. तो गरम आहे ना, ते बघत होता, असं मला आता वाटतं.

खाली डोंगरातलं लाकडी घर होतं, तिथे सगळे थांबले होते. सरोजिनी मला बघून रडायला लागली. हुस्ना मात्र दोन पावलं मागे सरकली. आणि सुशांत उंबऱ्यावर बसला होता, वाटेकडे बघत. मी त्याच्या अगदी समोर उभी राहिले.

तो माझ्या मागे बघत होता.

मग म्हणाला, "आलीस?"

त्या एका शब्दात काय होतं, ते मला तेव्हा कळलं होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं मला. नवरा होता तो माझा.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवर तो ढसाढसा रडला. धुकं होतं, मला वाटलं तू मागेच आहेस, चुकलो मी. माझे पाय धरले त्याने. तुला गमावलं असतं म्हणाला. मी विरघळले. बाईमाणूस किती मूर्ख असतं बघा. कुवेतला परत आल्यावर मी नाशिकच्या शाळेला नकार कळवला.

मी राहिले. त्याच्या त्या रडण्यावर विश्वास ठेवून राहिले.

सहा महिने तो शांत होता. भांडत नव्हता. मला वाटायचं, त्याला पश्चात्ताप झालाय. मीही तोंडावर ताबा ठेवायला शिकत होते. आवाज खाली आणला होता. पण मी बोलायला लागले की तो मान वळवून खिडकीकडे बघायचा.

जानेवारीत एका शुक्रवारी आम्ही सगळे खैरानला समुद्रकाठच्या एका शॅलेवर, म्हणजे भाड्याच्या बंगल्यावर गेलो. सकाळी स्वयंपाकघरात मी आणि हुस्ना मासे साफ करत होतो. बोलता बोलता मी म्हणाले, त्या डोंगराने आमचा संसार वाचवला बघ.

हुस्नाचा हात थांबला.

ती म्हणाली, "शलाका, तुला कुणीच काही सांगितलं नाय?"

मग तिने सांगितलं. हळू आवाजात, दाराकडे बघत.

ती माझ्या पुढे होती ना, चार नंबर. तिने सगळं ऐकलं होतं. तासभर सुशांत मागच्या कुणाशी तरी बोलत होता. लग्नाच्या सुरुवातीचं, श्वेताच्या जन्माचं, सगळं. तो बोलायचा आणि मी हसायचे. हुस्नाला बरं वाटलं होतं. तिला वाटलं, दोघांचं मिटलं एकदाचं.

मग मिर्साद एकेकाच्या खांद्याला हात लावत मागे आला. म्हणाला, पाचच आहेत, एक कमी आहे.

सुशांत म्हणाला, सहा आहेत. ती माझ्या मागे आहे, मी हात धरलाय तिचा.

मिर्सादने पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. सुशांतचं उत्तर तेच. तेव्हा मिर्सादने सुशांतच्या मागे हात घातला... आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. सगळ्यांना घाईने खाली नेलं आणि एकटाच उलटा वर पळाला.

घरापाशी धुकं नव्हतं. हुस्नाने वळून बघितलं. सुशांतच्या मागे कुणी नव्हतं. पण त्याचा हात अजून मागे होता, मुठीत काहीतरी धरावं तसा.

हुस्ना म्हणाली, कमालने मला शपथ घातली होती, नवरा-बायकोत पडू नको म्हणून. मला माफ कर.

मी हात धुतले. बाहेर गेले.

दुपार होती. ओहोटी लागलेली. सुशांत खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसला होता. मी त्याच्यासमोर वाळूत बसले आणि सरळ विचारलं, "तुला कधी कळलं?"

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही.

"पहिल्याच वेळी," तो म्हणाला. "पाच ऐकू आलं, ते माझ्या अगदी खांद्याशी. मी मागे वळून बघितलं. माझ्या बाजूने धुकं विरळ होतं. तू दिसत होतीस. खाली बसली होतीस, तोंडाला हात लावून."

"मग?"

"मग मी सहा म्हणालो."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. का?

"तिने हात दिला माझ्या हातात. थंडगार होता. पण तिने मला एकही टोमणा मारला नाही, शलाका. मी बोलत होतो आणि ती ऐकत होती."

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं. जणू मी त्याची बाजू समजून घेईन.

माझं तोंड वाईट आहे, मान्य. हजार वेळा मान्य. पण त्याची शिक्षा म्हणून जिवंत बायकोला सुरुंगांच्या डोंगरावर सोडून द्यायचं? आणि नंतर पाय धरून रडायचं? तो माझ्यासाठी रडलाच नव्हता. जी परत आली नाही, तिच्यासाठी रडत होता. आणि मी वेडी, त्याचे डोळे पुसत होते.

भुताची मला भीती वाटली होती, नाही म्हणत नाही. पण ते काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. ते मला ओळखत नव्हतं, माझं काही देणं लागत नव्हतं. सुशांतने मात्र मला बघितलं होतं. बघून मोजणी पूर्ण केली होती.

त्याच दिवशी मी कपडे भरले. शाळेचं वर्ष संपेपर्यंत सलव्याला हुस्नाकडे राहतेय. इथूनच शाळेत जाते. सालमियाच्या घरात अडीच महिन्यांत पाऊल टाकलेलं नाही. मिर्सादला मी दोनदा मेसेज करून विचारलं, तुझ्या हाताला काय लागलं होतं? त्याने दोन्ही वेळा फक्त एवढंच लिहिलं, की तुम्ही परत आलात ना, मग राहू द्या.

इथपर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते.

पण परवा रबियाचा फोन आला. रबिया आमच्या सालमियाच्या घराच्या खाली राहते, पहिल्या मजल्यावर. अलिबागकडची आहे, साधी बाई. मी घर सोडलंय हे तिला कळलेलं नाही, मी गावी गेलेय असंच मी तिला सांगितलं होतं.

ती म्हणाली, "भाभी, तुम्ही परत आलात ते फार बरं झालं. सुशांतभाई एकटे अगदी सुकले होते."

ती पुढे बोलतच होती.

"काल जिन्यात भेटलात, मी हात हातात घेऊन सलाम केला, तर नुसत्या हसून वर गेलात. तब्येत बरी आहे ना? हात केवढे गार होते तुमचे."

मी भिंतीला टेकले. फोन कानाशी धरूनच होते.

ती हसत हसत सांगत होती की आता वरून भांडणाचा आवाजच येत नाही. संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या सुमाराला दोघांचं हसणं ऐकू येतं खाली. ऐकून घरात बरं वाटतं.

कधीपासून, मी विचारलं. माझा आवाज तिला कसा वाटला असेल, देव जाणे.

ती म्हणाली, "कधीपासून म्हणजे? तुम्ही आलात तेव्हापासूनच. दोन महिने झाले असतील ना?"

मी फोन ठेवला.

या अडीच महिन्यांत सुशांतने मला एकदाही फोन केलेला नाही. परत ये म्हणाला नाही, कुठे आहेस विचारलं नाही.

मी समजत होते, त्याला लाज वाटत असेल.